पार्किन्सन्स आणि हृदय : एकदा उभं राहूनही बीपी मोजा

"डॉक्टर, पार्किन्सन्समुळे हार्टला काही होतं का?"

हा प्रश्न मला बहुतेक वेळा नातेवाईक विचारतात. रुग्ण स्वतः फारसे विचारत नाहीत, कारण त्यांचं सगळं लक्ष हाताच्या कंपाकडे आणि अडखळणाऱ्या पावलांकडे लागलेलं असतं. शिवाय घरात दोन वेगळ्या फायली असतात. एक न्यूरॉलॉजिस्टची, दुसरी हार्टच्या डॉक्टरांची. दोन्हींमधली औषधं आपापल्या जागी बरोबर असतात, पण ती जातात एकाच शरीरात. या दोन फायली शेजारी ठेवून वाचणं हे माझ्यासारख्या जनरल फिजिशियनचं काम आहे, आणि घरच्यांनाही ते थोडंफार जमायला हवं. म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. पार्किन्सन्स हा काही हृदयविकार नाही. तुम्हाला पार्किन्सन्स आहे म्हणजे उद्या हार्ट अटॅक येणार, असं अजिबात नाही. पण हृदय आणि रक्तवाहिन्या ज्या नसांच्या हुकमावर चालतात, त्या नसांवर हा आजार परिणाम करतो. गडबड होते ती तिथे.

नेमकं काय बिघडतं?

लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. त्यांच्या निबंधाच्या नावातच थरथर होती. पुढे कळलं की मेंदूच्या एका छोट्या भागातल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होतात, आणि त्यामुळे कंप, ताठरपणा आणि हालचालींचा मंदपणा येतो. आता आपल्याला आणखी एक गोष्ट माहीत आहे. या आजारात अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन पेशींमध्ये साठतं. ते मेंदूत साठतं तसंच आतडी, मूत्राशय, रक्तवाहिन्या आणि हृदय यांच्याकडे जाणाऱ्या नसांमध्येही साठतं. या नसा आपल्या इच्छेवर चालत नाहीत. त्या आपोआप काम करतात, म्हणून त्यांना स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात.

आता तुम्ही खुर्चीतून उठता तेव्हा काय होतं ते पाहू. उभं राहताच साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त गुरुत्वाकर्षणामुळे पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. निरोगी माणसात काही सेकंदांत या नसा रक्तवाहिन्या आवळतात, ठोके थोडे वाढवतात आणि मेंदूला रक्त मिळत राहतं. आपल्याला काही कळतही नाही. पार्किन्सन्समध्ये हा हुकूम उशिरा किंवा अपुरा पोहोचतो. विहिरीवरची मोटर चांगली आहे, पण व्हॉल्व्ह फिरवायला माणूस जागेवर नाही, असा प्रकार. टाकीत पाणी चढत नाही आणि आपण मोटरला दोष देत बसतो.

उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचं १० किंवा त्याहून जास्त उतरलं, तर त्याला उभं राहिल्यावर बीपी पडणं म्हणायचं. पार्किन्सन्सच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांमध्ये हे सापडतं. मात्र त्यासाठी कुणीतरी ते शोधावं लागतं.

लक्षणं फसवी असतात

बीपी पडलं की चक्कर येणारच, असं अनेकांना वाटतं. पुष्कळ रुग्ण 'चक्कर' हा शब्दही वापरत नाहीत. ते म्हणतात, "उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते." "दोन पावलं टाकली की पायातलं बळ जातं." "मान आणि खांदे भरून येतात, आडवं झालं की बरं वाटतं." काही जण जेवणानंतर बोलता बोलता गप्प होतात, समोरच्याकडे नुसते बघत राहतात. घरचे म्हणतात, वय झालं. किंवा, पार्किन्सन्स वाढला.

त्रास कधी होतो, ते विचारलं तर उत्तर सापडतं. सकाळी अंथरुणातून उठताना. भरपेट जेवणानंतर. कडक गरम पाण्याने आंघोळ केल्यावर. एप्रिल-मेच्या उन्हात. शौचाला जोर केल्यावर. आणि लिव्होडोपाची गोळी घेतल्यानंतर, कारण पार्किन्सन्सचं हे सर्वांत उपयोगी औषध बीपी थोडं खालीही आणतं.

माझ्या घरातली गोष्ट

माझ्या आईला पार्किन्सन्स होता. ती गावी मोठ्या भावाकडे राहायची. बीपीचा त्रास तिला पार्किन्सन्सच्या कितीतरी आधीपासून होता आणि त्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू होत्या. बसवून मोजलं की बीपी १४० च्या आसपास भरायचं, सगळे समाधानी. एका उन्हाळ्यात ती सकाळच्या वेळी न्हाणीघरात दोनदा पडली. कुणीतरी चक्कर थांबवायची गोळी लिहून दिली. दीड महिन्यात ती इतकी ताठरली की कूस बदलायलाही दोन माणसं लागू लागली. त्यानंतर भाऊ तिला माझ्याकडे घेऊन आला.

गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली, तेव्हा ताठरपणाचं कारण समोरच होतं. चक्करेची ती गोळी डोपामिनचं काम अडवणारी होती. ती बंद केली. मग आईला पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घेतलं : १६४/९०. उभं केलं, भावाने एका बाजूने धरलं. एका मिनिटाला ११८/७०. तीन मिनिटांना ९८/६०. नाडी ७२ वरून फक्त ७८ झाली होती. बीपी इतकं उतरल्यावर नाडी चांगलीच वाढायला हवी. ती वाढत नसेल, तर बहुधा दोष हुकूम देणाऱ्या नसांमध्ये असतो.

तिच्या न्यूरॉलॉजिस्टशी आणि हार्टच्या डॉक्टरांशी मी बोललो. आम्ही मिळून बीपीच्या गोळ्यांमधली लघवी वाढवणारी गोळी काढली. दुसरी सकाळऐवजी रात्री, आणि कमी मात्रेत दिली. दादाला ते पटेना. "झोपल्यावर एकशे साठ बीपी आणि तू गोळी कमी करतोस? अरे, पॅरालिसिस झाला म्हणजे?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आडवं झाल्यावर बीपी वाढणं आणि उभं राहिल्यावर पडणं, या दोन्ही गोष्टी एकाच रुग्णात असतात. अशा वेळी कुठलाही निर्णय पूर्ण सुरक्षित नसतो. वाढलेलं बीपी हृदय, किडनी आणि मेंदू यांचं नुकसान करतं, पण ते बहुधा काही वर्षांत. पडणारं बीपी आज सकाळीच खुब्याचं हाड मोडू शकतं, आणि त्या वयात मोडलेल्या खुब्यानंतर बरीच माणसं पुन्हा आधीसारखी चालत नाहीत. मी दादाला हेच सांगत होतो, तेवढ्यात आई हळू आवाजात म्हणाली, "तुमचं दोघांचं होऊ दे. मला एवढंच बघा, सकाळी दूध घ्यायला दारापर्यंत माझी मी जाता आलं पाहिजे."

उपचाराचं ध्येय ठरलं. बीपीचा एखादा आदर्श आकडा गाठायचा नव्हता, दारापर्यंतची बारा-पंधरा पावलं सांभाळायची होती. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या. सकाळी उठण्याआधी दोन ग्लास पाणी सुरू केलं. दादा वहीत रोज आडवं आणि उभं बीपी लिहू लागला. आडवं बीपी १५० च्या घरात राहिलं, उभं ११० च्या खाली क्वचित गेलं. पुढच्या तीन वर्षांत ती पडलीच नाही असं नाही. एकदा पडली, पण मनगटावर निभावलं. दूध मात्र बरेच दिवस तिनेच घेतलं.

यातून कुणी असा अर्थ काढू नका की पार्किन्सन्स झाला म्हणजे बीपीच्या गोळ्या बंद करायच्या. कितीतरी रुग्णांना खरोखरचं उच्च रक्तदाब असतं आणि त्यांना गोळ्या हव्याच असतात. गोळी कमी करायची, वेळ बदलायची की तशीच ठेवायची, हे आडवं आणि उभं अशा दोन्ही आकड्यांवरून डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

घरी बीपी कसं मोजायचं?

दंडावर बांधायचं डिजिटल मशीन पुरेसं आहे. पाच मिनिटं शांत आडवं व्हा आणि बीपी व नाडी लिहा. मग उभे राहा, शेजारी माणूस हवाच. एक मिनिटानंतर आणि तीन मिनिटांनंतर पुन्हा मोजा. हात हृदयाच्या पातळीवर आधाराने धरा, लोंबता ठेवू नका. कंप जास्त असलेल्या हातावर मशीन चुकू शकतं, म्हणून कमी थरथरणारा हात निवडा. उभं राहताच अंधारी आली तर आकड्याची वाट न पाहता बसवा. सकाळी उठल्यावर, दुपारच्या जेवणानंतर तासाभराने आणि रात्री झोपताना, अशा तीन वेळा चार-पाच दिवस मोजलं की डॉक्टरांना पुरेशी माहिती मिळते.

औषधांशिवाय काय करता येतं?

दोन ग्लास, म्हणजे जवळपास अर्धा लिटर पाणी चार-पाच मिनिटांत प्यायलं, तर अशा रुग्णांचं बीपी काही मिनिटांत वाढतं आणि साधारण तासभर टिकतं. अंथरुण सोडण्याआधी हा उपाय चांगला. उठताना टप्पे पाळा : कुशीवर वळा, काठावर बसा, पाय हलवा, मग उभे राहा. उभं असताना अंधारी येऊ लागली तर पायांची अढी घालून मांड्या आवळा, किंवा सरळ बसा. ज्यांचा तोल जातो त्यांनी बसणंच चांगलं.

एकदम ताटभर जेवण्याऐवजी थोडं थोडं चार-पाच वेळा खा. जेवणानंतर लगेच आंघोळीला किंवा फिरायला जाऊ नका. पोटाला बांधायचा पट्टा उभं राहण्याआधी बांधला आणि झोपताना काढला, तर बऱ्याच जणांना फायदा होतो. मांडीपर्यंतचे घट्ट मोजेही उपयोगी असतात, पण कंप असलेल्या हातांनी ते चढवणं अवघड जातं. पलंगाची डोक्याकडची बाजू सहा ते नऊ इंच उचला. नुसत्या जादा उशा लावून ते साधत नाही. दिवसा पूर्ण आडवं होण्याऐवजी आरामखुर्चीत टेका. मीठ वाढवायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण हृदय कमकुवत असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर तेच मीठ घात करतं.

एवढ्याने भागलं नाही तर मिडोड्रीन, फ्लुड्रोकॉर्टिसोन अशी औषधं आहेत. मिडोड्रीनचा शेवटचा डोस झोपण्याच्या किमान चार तास आधी घ्यायचा असतो, नाहीतर आडवं झाल्यावर बीपी फार चढतं.

एकमेकांशी भांडणारी औषधं

आता गोळ्यांची पिशवी समोर घ्या.

*चक्कर आणि उलटीच्या गोळ्या.* सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन, मेटोक्लोप्रमाइड ही औषधं डोपामिनच्या आड येतात. पार्किन्सन्सच्या रुग्णाने ती टाळायची. त्यातही, उभं राहिल्यावर येणारी अंधारी म्हणजे घर गरगर फिरण्याची चक्कर नव्हे. या गोळ्यांनी ती जातही नाही.

*डॉमपेरिडॉन.* हे मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून लिव्होडोपाने मळमळ होणाऱ्यांना दिलं जातं, आणि योग्य वेळी ते कामाचंही आहे. पण ते हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करू शकतं. २०१४ मध्ये युरोपातल्या औषध नियामकांनी त्याची मात्रा दिवसाला तीन वेळा १० मिलिग्रॅमपर्यंत आणली आणि ते थोडे दिवसच वापरावं असं सांगितलं. आपल्याकडे ते अॅसिडिटीच्या गोळीत एकत्र मिळतं आणि लोक महिनोन् महिने घेत राहतात. साठी उलटलेल्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी आणि सोबत क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनाझोल चालू असलेल्यांनी ईसीजी न काढता ते घेत राहू नये.

*प्रोस्टेट, नैराश्य आणि छातीच्या गोळ्या.* टॅमसुलोसिन, प्राझोसिन, अॅमिट्रिप्टिलिन, नायट्रेट, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि सिल्डेनाफिल यांनी उभं बीपी आणखी पडू शकतं. जिभेखालची गोळी नेहमी बसूनच घ्यायची.

*जुन्या पिढीतली औषधं.* परगोलाइड आणि कॅबरगोलिन यांच्या मोठ्या मात्रेने हृदयाच्या झडपा जाड होऊन गळू शकतात, हे स्पष्ट झाल्यावर २००७ मध्ये परगोलाइड अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतलं गेलं. आज वापरात असलेली प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल त्या गटातली नाहीत. जुन्या फाईलमध्ये आधीची नावं दिसली, तर एकदा टू-डी इको करून घ्यायला डॉक्टरांना सांगा.

*कवचबीज, म्हणजेच खाजकुइलीचं बी.* आपल्याकडे 'ताकदीचं' म्हणून याची पावडर घेतात. त्यात खरोखरच लिव्होडोपा असतं. भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच ते या बियांतून वेगळं केलं होतं. म्हणूनच ते गुपचूप घेऊ नका. गोळीतला डोस आणि पावडरीतला डोस मिळून बीपी किती पाडतील, याचा हिशेब कुणालाच लागत नाही.

पाय सुजले, धाप लागली, छातीत दुखलं

पाय सुजण्याची पार्किन्सन्समध्ये बरीच साधी कारणं असतात. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल, अमँटाडिन यांनी सूज येते. बीपीच्या अॅम्लोडिपिननेही येते. दिवसभर पाय लोंबते ठेवून बसल्यानेही येते. पण सोबत आडवं झाल्यावर धाप लागत असेल, रात्री दम लागून जाग येत असेल, किंवा चार दिवसांत वजन दोन किलो वाढलं असेल, तर हृदयाची तपासणी लगेच हवी.

छातीचं तसंच. गोळीचा असर उतरताना काही रुग्णांना छाती आवळल्यासारखी वाटते, घाम येतो, जीव घाबरा होतो. पुढची गोळी लागू पडली की बरं वाटतं. पण हा निष्कर्ष डॉक्टरांनी ईसीजी बघून काढायचा. घरी बसून "पार्किन्सन्सचंच असेल" असं म्हणायचं नाही. यात एक धोका कुणी बोलून दाखवत नाही. पार्किन्सन्समध्ये चेहरा भावशून्य होतो आणि आवाज खोल जातो. कळ कितीही असली तरी चेहऱ्यावर दिसत नाही. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला समोर शांत बसलेला माणूस दिसतो. तेव्हा बोलायचं काम तुमचं : "यांना पार्किन्सन्स आहे, चेहऱ्यावरून वेदना कळत नाही, छातीत खरोखर दुखतंय." नवी छातीदुखी, एकदम लागलेली धाप किंवा शुद्ध हरपणं, या तिन्हींना थेट १०८ ला फोन करा.

ईसीजी काढतानाही एक गंमत होते. पार्किन्सन्सचा कंप सेकंदाला चार ते सहा वेळा असतो, म्हणजे मिनिटाला २४० ते ३६०. कागदावर तो हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अतिवेगवान लयीसारखा दिसू शकतो. उजवा हात थरथरत असेल तर पहिली आणि दुसरी लीड बिघडते, तिसरी स्वच्छ येते. त्यामुळे टेक्निशियनला कंपाबद्दल आधी सांगा. हाताच्या पट्ट्या मनगटाऐवजी खांद्याजवळ लावता येतात, खोली गार असेल तर पांघरूण देता येतं.

दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर

अँजिओग्राफी असो वा बायपास, लिव्होडोपाच्या वेळा ठळक अक्षरांत कागदावर लिहून द्या. "उपाशी ठेवायचं आहे" म्हणून ही गोळी आपोआप बंद होता कामा नये. घोटभर पाण्याबरोबर चालेल का, ते भूलतज्ज्ञांना आधीच विचारा. ती एकदम बंद झाली तर ताठरपणा, ताप आणि गोंधळ यांचं गंभीर चित्र उभं राहू शकतं. सेलेजिलिन किंवा रासाजिलिन चालू असेल तर तेही सांगा, कारण ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकाशी त्याचं जमत नाही. मेंदूत डीबीएसचं यंत्र बसवलेलं असेल तर एमआरआय आणि शस्त्रक्रियेआधी सांगायलाच हवं. फिजिओथेरपीतला डायथर्मीचा शेक तर अशा रुग्णाला कधीच द्यायचा नाही.

या आठवड्यात करण्यासारखं

हृदयासाठीचे नेहमीचे नियम इथेही आहेतच : साखर आणि कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणं, तंबाखू आणि मिश्री सोडणं, आणि जमेल तितका व्यायाम. उभं राहून तोल जात असेल तर बसून चालवायची सायकल चांगली.

त्याशिवाय तीन गोष्टी करा. आडवं आणि उभं बीपी मोजून वहीत लिहा. घरातल्या सगळ्या गोळ्या, पावडरी आणि काढे एकाच पिशवीत भरून एकाच डॉक्टरांसमोर ओता. आणि रुग्णाला विचारा, दिवसभरात नेमकी कुठली गोष्ट स्वतःची स्वतः करता यायला हवी आहे? ते उत्तरही त्याच वहीत पहिल्या पानावर लिहा, म्हणजे औषध ठरवताना आम्हा डॉक्टरांच्या नजरेसमोर राहील.